मंदाचा हात

मंदाचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि जालिंदर वेळापुरेंनी पहिलं काम काय केलं, तर घरातल्या 'निवांत'चं नेट तोडलं.

नुसतं बटण बंद केलं नाही. मागचं झाकण उघडून नखाएवढा तुकडा पकडीनं उपटला आणि बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकला. मुलगी मृणाल दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, आता ते अपडेट होणार नाही."

"नको होऊ दे."

"अहो, अपडेट झालं की ते आणखी चांगलं चालतं."

"तुझ्या आईच्या हातापेक्षा चांगलं?"

मृणाल चहा टाकायला आत गेली.

'निवांत' म्हणजे डोक्याला तेल चोळून देणारं यंत्र. एके काळी मिक्सर जसा घरोघर झाला, तसं ते त्या वर्षांत तासगावातही घरोघर झालं होतं. खुर्चीच्या पाठीला बसवायची एक काचेची टोपी, तिच्या आत मऊ रबरी बोटं, आणि खाली मान दोन्ही बाजूंनी धरायला दोन दांडे. पण खरं कौतुक होतं ते सोबतच्या हातमोज्याचं. घरातल्या माणसानं मोजा घालून आपल्या माणसाचं डोकं चोळायचं. मोज्याच्या धाग्यांना दाब कळायचा, वेग कळायचा, हात कुठं थांबला ते कळायचं. असं थोडे दिवस शिकवलं की यंत्र तोच हात चालवायचं. जाहिरातीत म्हणायचे, 'आईचा हात, आई नसतानाही.' आपण काय बोलतोय ते जाहिरात लिहिणाऱ्याला कळलं नसावं.

वेळापुरेंच्या घरी हे यंत्र मंदानंच आणवलं होतं. दुखणं बरं होण्यातलं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर.

"माझ्यामागं रविवारी तुमच्या डोक्याला तेल कोण लावणार?" ती म्हणाली होती. "मृणालला तिचा संसार आहे. बसा इथं. हलू नका."

मंदा बांगड्या भरायची. दुकान जालिंदररावांच्या वडिलांचं, गल्ल्यावर जालिंदरराव, पण गिऱ्हाईक यायचं ते मंदाच्या हातासाठी. तासगावातल्या निम्म्या बायकांचे हात तिच्या हातातून गेले होते. बाईचा हात कितीही जाड असो, मंदा चार बोटांनी तो गोळा करायची, अर्ध्या वळणात थांबायची, बाईनं श्वास सोडला की बांगडी सरकवायची. शेवटची बांगडी गेली की मनगटावर दोन टिचक्या मारायची. म्हणजे झालं. मग बाई वाकून नमस्कार करायची.

नवऱ्याच्या डोक्यावरही तिचा हात तसाच चालायचा. टाळूवर चार बोटं गोळा, अर्धं वळण, मग थांबणं. आणि शेवटी उजव्या कानामागं दोन टिचक्या. झालं, उठा.

यंत्र ते सगळं शिकलं. मंदाच्या बोटांत जोर राहिला नाही तेव्हा मोजा काढून तिनं तो टेबलावर ठेवला. तेल पिऊन पिऊन मोज्याचे धागे निकामी झाले होते. तो पुन्हा चालणार नव्हता, आणि चालवायचं कारणही उरलं नव्हतं.

ती गेल्यापासून जालिंदरराव दर रविवारी सकाळी त्या खुर्चीत बसत. डोळे मिटून.

दुकान त्यांनी चालू ठेवलं, पण बांगड्या भरणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. दोन-तीन बायकांच्या हातात काच फोडल्यावर त्यांनी तो नाद सोडला. बायका माप सांगून बांगड्या घरी न्यायला लागल्या.

---

एका दुपारी दुकानात ॲडव्होकेट नाझनीन मुजावर आली. सांगलीला वकिली करायची, माहेर तासगावचं.

"काका, ओळखलंत? माझ्या लग्नाचा चुडा काकूंनी भरला होता."

"ओळखलं की. बस. काय दाखवू?"

"बांगड्या नकोत. तुमचं 'निवांत' बघायचंय."

जालिंदररावांचा चेहरा बदलला. नाझनीननं ते पाहिलं, पण ती बोलत राहिली. प्रज्ञा पाटोळेची केस तिच्याकडे होती. प्रज्ञा द्राक्षांची कलमं करायची. हंगामात बागाईतदार तिच्या घरी गाडी पाठवायचे इतका तिचा हात बसलेला. एका संध्याकाळी 'निवांत'खाली बसली, यंत्रानं डोकं चोळलं आणि शेवटी मान धरून एकदम पिळली. कट्. तिला उलट बरं वाटलं. रात्री जेवताना ताट सांडलं. डावा हात उचलेना.

"मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी असते," नाझनीन म्हणाली. "झटका बसला की कोटाचं अस्तर फाटावं तसं तिचं अस्तर आतून फाटतं. तिथं गुठळी होते. ती सुटली की वर जाते."

"पण यंत्रानं मान पिळलीच कशी? मंदानं तर नाही शिकवलं असलं काही."

"मंदाकाकूंनी नाही. न्हाव्यांनी."

"काय?"

"आपली माणसं हो, काका! घरी आणलेला मोजा सलूनमध्ये नेला. आपल्या नेहमीच्या न्हाव्याच्या हातात घातला. म्हटलं, तुझी चंपी शिकव, म्हणजे रोज घरबसल्या घेतो. आणि न्हावी चंपी झाल्यावर शेवटी काय करतो?"

जालिंदररावांनी नकळत स्वतःची मान चोळली. "मान मोडतो."

"तुम्ही नेला होता का मोजा सलूनमध्ये?"

"मला घरी मंदा होती. मी कशाला नेऊ?"

नाझनीन हसली, मग गंभीर झाली. "कंपनी म्हणते, मान पिळायला पाटोळ्यांनीच शिकवलं. शिकवणारा वापरणारा, म्हणून दोषही त्याचाच. आणि पाटोळ्यांच्या घरात मोजा फक्त प्रज्ञाच्या सासूनं घातला होता. त्यांनी कुणाची मान मोडलेली नाही. माझं म्हणणं, ते बाहेरून आलं. ही यंत्रं जे शिकतात ते रोज कंपनीकडे जातं. फोटो नाही, आवाज नाही, फक्त आकडे. कुठं किती दाबायचं, कुठं थांबायचं. कंपनी ते एकत्र करते आणि पुन्हा सगळ्यांना वाटते."

"विरजणासारखं."

"अगदी. सगळ्या गल्लीचं दही एका भांड्यात घुसळायचं आणि त्याचंच विरजण परत घरोघर द्यायचं. एखाद्या घरचं नासलेलं असलं तर?"

"गल्लीचं दूध गेलं."

"कंपनी म्हणते असं होतच नाही. एका घरचं दुसऱ्या घरी जातच नाही, फक्त सर्वसाधारण सुधारणा जातात. ते खोटं पाडायला मला असं एक यंत्र हवंय, जे मान पिळणं सुरू व्हायच्या आधीच नेटवरून सुटलं. मृणाल म्हणाली, तुम्ही तुकडाच उपटलात."

"मृणालला तोंड आवरत नाही."

"काका, प्रयोगशाळेत नेऊन—"

"उघडणार त्याला?"

नाझनीननं खोटं सांगितलं नाही. "उघडावं लागेल. स्मृतीची चकती कंपनीनं कुलूपबंद केलीय. थर खरवडून वाचावी लागते. वाचली की संपली."

"मग नाही."

ती उठली. "बरं. मी पुन्हा विचारणार नाही. पण एकदा प्रज्ञाला बघून या. तुमच्याकडचंच गिऱ्हाईक आहे."

---

गेले नसते तरी चाललं असतं, पण गाव लहान. आठवड्याच्या बाजाराला प्रज्ञाची सासू मालनबाई समोर आली आणि जालिंदररावांना मान खाली घालावी लागली. दुसऱ्या दिवशी ते हिरव्या बांगड्यांचं एक खोकं घेऊन पाटोळ्यांच्या घरी गेले.

प्रज्ञा ओसरीवर बसली होती. उजव्या हातात बांगड्या, डावा हात मांडीवर उपडा ठेवलेला. दुसऱ्याचं काहीतरी आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखा.

"या काका. उठत नाही, रागावू नका."

"हात कसा आहे?"

"हलतो थोडा. पण कळत काही नाही. चिमटा काढला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. आत्या रोज चिमटे काढून बघतात. हाताला जाग येण्याआधी मलाच राग येतोय."

"चिमटे काढू नको तर काय आरती ओवाळू त्याची?" मालनबाई आतून म्हणाली. "भाऊ, तुम्ही इकडं या. तुम्हाला दाखवते तो मेला."

मधल्या खोलीत 'निवांत' होतं, आणि त्याच्या टोपीखाली माणसाच्या डोक्याच्या जागी मोठा लाल भोपळा बसवलेला होता. मालनबाईनं तो पंच्याच्या चुंबळीवर नीट टेकवला होता.

"वकीलबाई आल्या, पेपरवाले आले, सगळ्यांना भोपळ्यावर करून दाखवते. हा तिसरा भोपळा. आधीच्या दोन्हींची भाजी झाली."

"आम्ही आता भोपळा खात नाही," ओसरीवरून प्रज्ञा म्हणाली.

मालनबाईनं बटण दाबलं. रबरी बोटं भोपळ्यावर फिरायला लागली. जालिंदररावांना हसू आलं आणि ते तसंच अर्धं राहिलं. भोपळ्याच्या डोक्यावर चार बोटं गोळा झाली होती.

"मावशी, थांबा."

त्यांनी हात पुढं केला आणि तळवा भोपळ्यावर ठेवला, बोटांच्या खाली.

चार बोटं गोळा. अर्धं वळण. थांबणं. त्यांनी श्वास रोखला होता, आणि बोटंही थांबून राहिली. श्वास सोडला तशी सरकली.

मग भोपळ्याच्या उजव्या बाजूला, जिथं कान असता तिथं, दोन टिचक्या.

आणि लगेच खालच्या दांड्यांनी भोपळा धरून कटकन पिळला. देठ तुटून खाली पडलं.

"बघितलंत?" मालनबाई म्हणाली. मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "भाऊ? अहो, बसा. काय झालं? हाताला लागलं का?"

"मावशी, त्या टिचक्या तुम्ही शिकवल्या?"

"मी कशाला टिचक्या मारू? ते येताना तसंच आलं. मला आपलं बरं वाटलं, लाडानं मारतंय म्हणून."

ते पाणी न पिताच निघाले. रस्ताभर त्यांना राग येत होता. आपल्या घरातली बाई कुणाला न विचारता गावभर वाटली म्हणून. आणि रागाच्या खाली काहीतरी दुसरंच होतं, त्याला नाव देता येत नव्हतं. या सगळ्या घरांत, सकाळी आंघोळीआधी, मंदा लोकांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ज्या घरांत ती कधी गेली नव्हती तिथंही.

त्यांनी नाझनीनला फोन लावला.

---

सांगलीला ग्राहक आयोगापुढं कंपनीचे वकील इनामदार होते. माणूस वाईट नव्हता, गोड बोलायचा.

"वेळापुरेसाहेब, टाळूवर हात फिरवून कानामागं दोन टिचक्या. माझी आजीही अशीच मारायची."

"मारत असेल."

"मग हा तुमच्या पत्नीचाच हात कशावरून?"

"चाळीस वर्षांचा संसार केला साहेब. डोळे बांधून शंभर हात ठेवा डोक्यावर, सांगतो."

मागं कुणीतरी हसलं. इनामदारही हसले. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण मला वाटणं आणि तुम्हाला वाटणं, यावर निकाल लागत नसतो. दोन यंत्रं बाहेरून सारखी चालतात एवढंच दिसतंय. आतले आकडे जुळले तर मी गप्प बसेन. तुमचं यंत्र द्या. मोजू द्या."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "साक्षीदारावर सक्ती नाही. त्यांची खासगी वस्तू आहे. पुढच्या तारखेला सांगा."

बाहेर आवारात नाझनीननं दोन चहा आणले.

"काका, एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपण जिंकलो तर कंपनीला सगळी यंत्रं धुवावी लागतील. आजवर जे शिकलं ते सगळं पुसायचं, सगळीकडचं. म्हणजे..."

"म्हणजे माझ्या घरातली जाईल, आणि लोकांच्या घरातलीही."

"हो."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर चालू राहील. परवा जालन्याचा एक फोन आला होता. रिक्षा चालवणारा माणूस. तोही मान पिळल्यावर म्हणाला होता, बरं वाटलं."

जालिंदररावांनी चहा संपवला. कप कुठं ठेवावा ते त्यांना बराच वेळ सुचलं नाही.

---

मृणालला हे कळल्यावर ती मिरजेहून दुसऱ्याच दिवशी आली. तिची बाजू काय असणार ते त्यांना ठाऊक होतं. ती म्हणणार, द्या बाबा, ते यंत्र आहे. पहिल्यापासून तिला हे खुर्चीत बसणं पसंत नव्हतं.

"देऊ नका," मृणाल म्हणाली.

"तूच म्हणत होतीस, आई काय त्या डब्यात आहे का."

"म्हणत होते." ती खुर्चीची पाठ नखानं खरवडत होती. "तुम्ही दुकानात गेलात की मी बसते त्याच्याखाली. येते तेव्हा दर वेळी. तुम्हाला वाटतं मी तुमचं घर आवरायला येते?"

जालिंदररावांनी वळून खुर्चीकडं पाहिलं.

"आणि मग तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "प्रज्ञाताईचं मला वाईट वाटत नाही का? वाटतं. पण जगातल्या सगळ्यांचं भलं करायला माझीच आई का पुसायची?"

जालिंदरराव खाली बसले. मग ते म्हणाले, "मृणाल, तुझ्या आईनं आयुष्यात कुणाच्या हातात काच फुटू दिली नाही. आठवतं का तुला एकदा तरी?"

"नाही."

"एकदा फुटली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. त्या बाईच्या घरी हळद लावायला ती महिनाभर गेली. तुझी आजी म्हणाली, अगं, बारीक तर कापलंय. तर म्हणाली, माझ्या हातातून झालं ना." ते थांबले. "आता तिच्या टिचक्या वाजतात आणि लगेच मान पिळली जाते. त्या टिचक्यांनी माणूस सैल पडतो, गं. मान ढिली सोडतो. मी हात ठेवून बघितलंय. तिच्या हातानं माणसं बेसावध होतात आणि मग..."

मृणालनं तोंड फिरवलं. मग नाक पुसून म्हणाली, "कधी न्यायचंय?"

"सोमवारी गाडी येणार."

"म्हणजे एक रविवार आहे."

तो रविवार आला. जालिंदररावांनी तेल कोमट केलं, यंत्रात भरलं, बसायला वळले आणि थांबले.

"तू बस."

"नाही बाबा, तुम्ही."

"बस म्हणतो ना. मी पुष्कळ बसलोय."

मृणाल बसली. त्यांनी बटण दाबलं आणि समोर स्टूल ओढून बसले. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा हात त्यांनी कधी नीट बघितलाच नव्हता. मंदा असताना डोळे मिटलेले, मंदा गेल्यावरही डोळे मिटलेले. दुकानात ती बांगड्या भरायची तेव्हा ते गल्ल्यात मान घालून बसलेले. आता टोपीच्या काचेतून सगळं दिसत होतं. चार बोटं कशी जवळ येतात. अंगठा कुठं टेकतो. वळण एवढं रुंद की ते मनगटातून नाही, कोपरातून आलेलं असणार. आणि थांबणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हे, बोटं तेव्हा किंचित सैल पडतात, दाबत नाहीत, वाट बघतात.

त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप तसा हलायला लागला.

कानामागं दोन टिचक्या पडल्या. मृणालनं डोळे उघडले. "काय बघताय?"

"पुन्हा एकदा लावतो," ते म्हणाले. "तू बसून राहा."

---

आकडे जुळले. प्रयोगशाळेचा अहवाल वाचून झाल्यावर इनामदार बोलल्याप्रमाणे गप्प बसले. नाझनीननं कंपनीच्या अभियंत्याला उभं केलं. देशमाने नावाचा तरुण माणूस, रात्रभर झोपला नसावा असा.

"एका घरचा हात दुसऱ्या घरी जात नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं."

"सरसकट जात नाही. निवडलेले जातात."

"कोण निवडतं?"

"यंत्रणाच निवडते. टोपीत कानशिलाजवळ नाडी मोजायची सोय आहे. ज्या हातानं माणसाची नाडी लवकर खाली येते, तो हात चांगला, असा नियम आम्ही घातला होता. चांगला हात पुढं पाठवायचा."

"मान मोडल्यावर नाडीचं काय होतं?"

देशमाने पाणी प्याले. "कट् आवाज आला की माणूस एकदम सैल पडतो. नाडी झपकन खाली येते. यंत्रणेला वाटलं, हे फारच चांगलं आहे."

"त्या माणसाला नंतर काय झालं, ते यंत्रणा बघत होती?"

"नाही. टोपी काढली की तिला काही दिसत नाही."

"कुणी डॉक्टरांनी तपासलं होतं? पाठवण्याआधी?"

"नाही." मग त्यांनी स्वतःहून सांगितलं, "तपासायला हवं होतं."

नाझनीन खाली बसायला वळली, पुन्हा फिरली. "आणि वेळापुरेंच्या घरचा हात? तो कसा निवडला गेला?"

देशमान्यांनी कागद चाळले. "तो वेगळा होता. बाकीच्यांत नाडी झटक्यानं उतरते. यात सावकाश उतरते, पण सगळ्यात खोल. आणि उतरलेली राहते. आम्ही आपसात त्याला..." ते अडखळले.

"सांगा."

"आम्ही त्याला 'आईसाहेब' म्हणायचो. कुणाच्या घरचा ते माहीत नव्हतं." त्यांनी साक्षीदारांच्या बाकाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

निकाल पाटोळ्यांच्या बाजूनं लागला. शिकणारं यंत्र विकायचं तर ते काय शिकतं याची जबाबदारी विकणाऱ्याची, असं आयोगानं लिहिलं. मोजा न्हाव्याच्या हातात जाईल हे या देशात कुणालाही आधी कळायला हवं होतं, असंही लिहिलं. सगळी यंत्रं धुतली जाणार होती, मानेचे दांडे निघणार होते, आणि यापुढं कुठलाही हात डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एका घरातून दुसऱ्या घरात जाणार नव्हता. प्रज्ञाच्या उपचारांचा सगळा भार कंपनीवर आला.

वेळापुरेंचं यंत्र एका पिशवीत सुटं होऊन परत आलं. त्यांनी पिशवी माळ्यावर टाकली आणि खुर्ची दुकानात नेली, गिऱ्हाइकाला बसायला.

---

थंडी पडायला लागली होती. बाजारात पहिली द्राक्षं यायला अजून अवकाश होता. एके सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि प्रज्ञा उतरली. पाठोपाठ मालनबाई.

"काका, बांगड्या भरायच्यात."

"माप सांग, देतो. घरी जाऊन घाल."

"घरी नाही. इथंच. डाव्या हातात."

जालिंदररावांनी तिच्या हाताकडं पाहिलं. सूज नव्हती, पण बोटं अजून ताठ होती. अशा हातात बांगडी जाणं अवघड, आणि काच फुटली तर तिला कळणारही नाही.

"पोरी, मी फोडतो. गावाला विचार. मंदा असती तर वेगळं."

"भाऊ," मालनबाई म्हणाली, "भाचीचं लग्न आहे. ही म्हणते, एका हातात बांगड्या घालून मी मांडवात जाणार नाही. आणि फुटल्या तर फुटल्या. आमच्या घरात तीन भोपळे फुटलेत."

प्रज्ञा खुर्चीत बसली. तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून गादीवर ठेवला.

त्यांनी हिरवी बांगडी काढली, थोडी मोठी. ठेवली. तिच्या खालचं, नेमकं माप घेतलं. तिचा हात हातात घेतला. गार होता. त्यांनी चार बोटांनी तो गोळा केला, अंगठा मुळाशी टेकला, कोपरातून अर्धं वळण घेतलं आणि थांबले. दाबलं नाही. वाट बघितली.

प्रज्ञानं श्वास सोडला.

बांगडी सरकली. ती मनगटावर पडल्याचा आवाज झाला तेव्हा मालनबाईच्या तोंडून "अगं बाई" असं निघालं. जालिंदररावांनी वर बघितलंच नाही. दुसरी घेतली. तिसरी. तिसऱ्या वेळी घाई झाली, काच करकरली, त्यांनी हात मागं घेतला, कपाळ पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटची गेली तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

काही न ठरवता त्यांच्या बोटांनी तिच्या मनगटावर दोन टिचक्या मारल्या.

प्रज्ञा दचकली. तिनं हाताकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"काका, आता दोनदा काहीतरी वाजवलंत का हातावर?"

"तू बघितलंस?"

"नाही हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "मी रस्त्याकडं बघत होते."

मालनबाई पुढं झाली, पण चिमटा काढायला उचललेला हात तिनं मध्येच थांबवला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हीच मारा पुन्हा."